दुःखाचं करायचं काय? कॅथलिक, वारकरी, बौद्ध आणि बाकीचे

निर्मळकाठ

मदर तेरेसांवरच्या धाग्यात एकाने ठोकून दिलं की कॅथलिक धर्म म्हणजे दुःखाची पूजा. क्रुसावर खिळलेल्या माणसापुढे गुडघे टेकणाऱ्यांना वेदना प्रिय असणारच. तिथे भांडले असते तर मूळ धागा भरकटला असता, म्हणून इथे लिहितेय. मी वसईची, जन्माने आणि सवयीने कॅथलिक. धर्मशास्त्र शिकलेले नाही. पण ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या वधस्तंभाकडच्या शेवटच्या प्रवासाची, चौदा स्थानं करत मोठी झालेय, त्यामुळे या विषयावर ऐकलेलं आणि घराघरांत पाहिलेलं पुष्कळ आहे.

आधी 'का?' या प्रश्नाचं. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात एक जन्मांध माणूस भेटतो. शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं दगावल्याचा विषय निघतो. ती काय बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होती? तिथेही उत्तर 'नाही' असंच. म्हणजे पापाचा हिशेब मांडून दुःख समजावण्याची वाट त्याने बंद केली. पण मग खरं कारण काय, तेही सांगितलं नाही. चर्चच्या १९९२च्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथातही कबूल केलंय की या प्रश्नाला झटपट उत्तर पुरणार नाही. मला हा प्रामाणिकपणा वाटतो. आमची माणसं मात्र तो पाळत नाहीत. मयताच्या घरी 'चांगली माणसं देवाला लवकर लागतात' हे वाक्य चहाच्या आधी येतं.

आता दुःखाचं करायचं काय? आमच्या जुन्या बायकांकडे डोकं दुखलं, भाकरी करपली, सून उलटून बोलली, सगळ्यावर एकच औषध: अर्पण कर. आपली कळ ख्रिस्ताच्या कळेला जोडायची आणि कुणाच्या तरी नावे द्यायची. शुद्धीस्थानातल्या, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होत असलेल्या, आत्म्यांसाठी, नाहीतर भावाची दारू सुटावी म्हणून. याचा आधार पौलाने कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात आहे. ख्रिस्ताच्या दुःखात जे उणं राहिलं ते मी माझ्या देहात भरून काढतो, असं तो लिहितो. फार धाडसाचं वाक्य आहे. देवाच्या दुःखात उणं काय राहणार? त्यावर पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी अख्खं पत्र लिहिलं. १३ मे १९८१ला भर चौकात पोटात गोळ्या घेतलेला माणूस, त्यामुळे ते वाचताना नुसतं प्रवचन वाटत नाही. त्यातला मला सगळ्यात पटलेला भाग शेवटी आहे. तिथे ते येशूच्या गोष्टीतल्या, वाटेत मार खाऊन पडलेल्या परक्या माणसाला उचलणाऱ्या शोमरोनीकडे येतात. स्वतःच्या दुःखाने दुसऱ्याचं भलं करा, आणि जो दुःखात आहे त्याचं भलं करा. दोन्ही एका दमात. पूजा करायची असती तर जखमा बांधायला कोण थांबलं असतं?

याचा गैरवापर होत नाही असं मी म्हणणार नाही. दारुड्याच्या हातचा मार खाणाऱ्या बाईला 'अर्पण कर' सांगणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांचा मला संताप येतो. पोप सोळाव्या बेनेडिक्टनी २००७मध्ये आशेवर जे परिपत्रक काढलं, त्यात या 'अर्पण' करण्याच्या सवयीत अतिरेक झाला असेल, रोगट प्रकारही झाले असतील, असं मान्य केलंय. पुढे विचारलंय की तरी त्यात काही मोलाचं होतं ना, ते परत मिळवता येईल का?

आशेबद्दलही गैरसमज फार. आमच्याकडे आशा म्हणजे 'सगळं छान होईल' असं नव्हे. श्रद्धा, आशा, प्रीती या तीन सद्गुणांत ती मोजतात. निराश होणं पाप, आणि गंमत म्हणजे 'माझी स्वर्गातली जागा पक्की' ही खात्रीही पापच. त्या दोहोंच्या मध्ये उभं राहायचं. क्रुसावरून येशू 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' म्हणतो ना, ते बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे. देवाने टाकलं म्हणून देवालाच हाक मारायची. लिझ्यूची संत तेरेझा १८९७मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली. शेवटचं दीड वर्ष तिला स्वर्ग आहे की नाही याचीच धास्ती होती. मदर तेरेसांची पत्रं २००७मध्ये छापली गेली तेव्हा कळलं की कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. ज्यांना हे लोक खुशीत दुःख भोगत होते असं वाटतं त्यांनी ती पत्रं वाचावीत.

बेनेडिक्टच्या त्या आशेवरच्या परिपत्रकाच्या सुरुवातीला आशेचं उदाहरण म्हणून पोपनी कुठला विद्वान घेतला नाही. जोसेफिन बखिता घेतली. सुदानमधल्या दार्फुरची मुलगी, नवव्या वर्षी पळवलेली, गुलामांच्या बाजारात पाच वेळा विकलेली. एका सेनापतीच्या घरी रोज चाबूक. त्याचे १४४ व्रण जन्मभर अंगावर. पुढे इटलीत आली, तिथे तिला कळलं की सगळ्या मालकांच्या वर एक मालक आहे आणि त्यानेही फटके खाल्लेत. २०००मध्ये ती संत जाहीर झाली.

तर प्रश्न असा: तुमच्या परंपरेत दुःखाचं करतात काय? 'का आलं' हे थोडक्यात सांगा, करायचं काय ते सविस्तर सांगा.

कॉफीबाज

लेख उत्तम, निष्कर्ष अमान्य. वाचवता येत असून न वाचवणारा बाप कोर्टात उभा राहील. त्यानेही फटके खाल्ले म्हणून सुटेल का? बाकी नास्तिकांकडे दुःखाचं काय करतात याचं उत्तर सोपं आहे: लस शोधतात.

भीमाकाठचा

ताई, जन्मांधाच्या गोष्टीवर थांबलो. आमच्याकडे त्या शिष्यांचाच प्रश्न हे उत्तर असतं. 'मना त्वांचि रे पूर्वसंचीत केले, तयासारिखे भोगणे प्राप्त झाले', हे लहानपणी पाठ केलेलं. संचिताच्या बाजूने एवढंच म्हणेन की त्यात देव क्रूर ठरत नाही, आणि जग अंदाधुंद ठरत नाही. पुण्यात पोराच्या अपघातानंतर माझ्या काकांना तेवढ्यावरच उभं राहता आलं. पण दुसऱ्याच्या दुःखाला संचित चिकटवणं हा निव्वळ नीचपणा. संचित स्वतःपुरतं बोलावं.

आणि संतांनी संचितावर गाडी थांबवलेली नाही. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा विठ्ठलाला काय म्हणतो बघा:

आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥
जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥

यात 'माझं संचित' कुठे आहे? सरळ देवाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय. कॉफीबाज, तुमचा खटला सातशे वर्षांपूर्वीच दाखल झालाय, तोही देवळात पाऊल टाकू न दिलेल्या माणसाकडून. जनाबाई तर 'अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' म्हणून शिव्याच घालते. तुमच्या बाविसाव्या स्तोत्राशी माझं इथे जमतं.

तुकोबांचं वेगळं. १६३०च्या आसपासचा दुष्काळ, व्यापार बुडाला, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मूलही गेलं. आणि म्हणतात 'बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली'. हे ऐकून आधी अंगावर काटा येतो. नीट वाचलं तर कळतं की हा अभंग उभा आहे तो स्वतःच्याच दिवाळ्यावर. शेजाऱ्याच्या दिवाळ्याला ते 'बरें जालें' म्हणत नाहीत. भागवतात कुंती कृष्णाकडे मागते, 'विपदः सन्तु ताः शश्वत्', संकटं येतच राहोत, कारण तेव्हा तुझं दर्शन होतं. तिलाही हे मागायचा हक्क होता, तिने भोगलेलं. ज्याने भोगलं नाही त्याने कुंतीचा श्लोक म्हणू नये.

आंबटवरण

जैन घरातला आहे म्हणून दोन ओळी. आमच्यात वर कोणी देणारा नाही, त्यामुळे तक्रार करायला पत्ताच नाही. बांधलेलं कर्म झडून जाण्याला निर्जरा म्हणतात. आलेलं दुःख समभावाने सोसलं की झडतं. कुढत सोसलं की नवीन बांधतं. एकाचं दुसऱ्याच्या नावे अर्पण वगैरे आमच्यात बसत नाही, ज्याचं त्यानेच झाडायचं. संथारा, म्हणजे अन्नत्याग करून मरण स्वीकारणं, यावर बोलायचं असल्यास वेगळा धागा काढा. २०१५मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने बंदी घातली, त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, आणि तेव्हा इथे जी धुळवड झाली ती मला परत नको.

नवयान

धागा आवडला, पण दोन्हीकडचं कौतुक वाचून अस्वस्थही झालो. बौद्ध धर्म म्हणजे 'जीवन दुःख आहे' असं शाळेच्या पुस्तकात लिहितात. बाबासाहेबांनी त्यांच्या शेवटच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच यावर बोट ठेवलंय. जन्म दुःख, मरण दुःख, पुनर्जन्मही दुःख असेल तर माणसाला आशा उरत नाही. मग ही चार आर्यसत्यं बुद्धाची मूळ शिकवण की भिक्खूंनी मागून घातलेली भर, असा प्रश्न त्यांनी टाकला. ग्रंथ १९५७मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर आला. त्यात सिद्धार्थ घर सोडतो ते म्हातारा, आजारी, प्रेत पाहून नव्हे. शाक्य आणि कोलियांचं रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण लागतं, तो युद्धाला विरोध करतो, म्हणून जावं लागतं. हा फरक किती मोठा आहे बघा. दुःख पाणीवाटपात आहे! आणि ते पाण्याचं दुःख महाडच्या तळ्यावर आम्ही पाहिलंय. जगाचा उगम कसा झाला हे धर्म सांगतो. धम्माचं काम जगाची फेररचना करणं, असं ते म्हणतात.

किसा गोतमीचं लोक सांगतात, मेलेलं पोर घेऊन आली, बुद्धाने ज्या घरी कोणी मेलं नाही तिथून मोहरी आणायला सांगितलं. मला त्या गोष्टीत आवडतं ते हे की तो चमत्कार करत नाही आणि प्रवचनही देत नाही, तिला शेजाऱ्यांच्या दारोदार पाठवतो.

आता बखिताबद्दल. तिला पळवून नेणारे भेटले तर त्यांचे हात चुंबीन, असं ती म्हणाल्याचं सांगतात, कारण त्यांच्यामुळे ख्रिस्त भेटला. निर्मळकाठ, मला नेमकी याचीच भीती वाटते. कर्ममेळ्याला कोणी असं म्हणायला लावलं असतं तर?

संपादक

धर्मांतराचा एक उपप्रतिसाद उडवला आहे. त्यासाठी वेगळा धागा आहे, तिकडे जा.

रफीक_मिरज

आमच्याकडचं. मय्यताची बातमी आली की पहिलं वाक्य, आम्ही अल्लाहचे आणि त्याच्याकडेच परतणारे. इथे सब्र (धीर) हा शब्द येतो, पण सब्र म्हणजे रडू नका असं नाही. पैगंबरांचा लहान मुलगा इब्राहिम गेला तेव्हा त्यांचे डोळे वाहिले, आणि ते म्हणाले, डोळे रडतात, मन दुःखी होतं, पण रबला पसंत पडेल तेच आम्ही बोलतो. म्हणजे कर्ममेळ्यासारखं बोलणं आमच्याकडे सहसा नाही. याकूब पैगंबर मुलाच्या विरहात रडून आंधळे झाले, तेही म्हणतात, माझं गाऱ्हाणं फक्त अल्लाहकडे. गाऱ्हाणं त्याच्यापाशी करता येतं, त्याच्याविरुद्ध नाही. निराशेबाबत तुमच्याशी अगदी जुळतं. कुराणात याकूबांची ही गोष्ट ज्या सूरेत (अध्यायात) आहे, तिच्यातच पुढे आहे की अल्लाहच्या कृपेविषयी निराश होतात ते फक्त इनकार करणारे. आणि 'अडचणीसोबत सुटका आहे' हे ९४व्या सूरेत लागोपाठ दोनदा आलंय. अडचणीनंतर नव्हे, सोबत.

शिया बांधवांचं वेगळं प्रकरण आहे. ६८०मध्ये करबलात इमाम हुसेन तहानलेले मारले गेले, ते दुःख ते विसरूच देत नाहीत. तुमच्या क्रुसाच्या वाटेशी त्यांचा मोहरम जास्त जवळचा. आमच्या भागात ताबुताला हिंदू घरंही खांदा देतात, हे जाता जाता.

लोदकर

शालोम आणि नमस्कार, इस्रायलमधून. आमचे आजी-आजोबा अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू.

आमच्यात घरी मृत्यू झाला की सात दिवस शिवा बसतात, म्हणजे घरी शोक पाळतात. भेटायला येणाऱ्याने आधी बोलायचं नाही अशी रीत आहे. शोक करणारा बोलेपर्यंत गप्प. याचं मूळ बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात सांगतात, विनादोष सगळं गमावलेल्या माणसाच्या गोष्टीत. त्याचे मित्र येतात, सात दिवस सात रात्री जमिनीवर बसतात, एक शब्द नाही. तोवर ठीक. मग तोंड उघडतात आणि 'तुझं काहीतरी चुकलं असणार' सुरू करतात. शेवटी देव चिडतो तो त्या मित्रांवर! माझ्याविषयी तुम्ही खरं बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला तसं. ईयोब तर वीसेक अध्याय देवावर ओरडत होता. देवाची बाजू घेणारे खोटे ठरले आणि आरोप करणारा खरा. कॉफीबाज, तुम्ही ईयोबाच्या बाकावर बसलायत, जागा चांगली आहे.

आणि मृतासाठी म्हणायचं कद्दिश, त्यात मृत्यूचा उल्लेखच नाही. नुसती देवाची स्तुती आणि शांतीची मागणी. ज्या दिवशी स्तुती करावीशी वाटत नाही त्याच दिवशी ती करायची, तीही दहा माणसं जमवून. एकट्याने म्हणता येत नाही. आमच्याकडे आशा ही अशी दहा जणांच्या हजेरीवर चालते.

गोळी नंबर तीन

मी डॉक्टर, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांबरोबर काम करते. कुठला धर्म दुःखाला चांगला, यावर माझं मत विचारू नका. जगण्याची पद्धत आणि मरण्याची पद्धत यांचा मेळ मला तरी धर्मावरून लावता आलेला नाही. एक व्यावहारिक गोष्ट सांगते, कारण ती 'दुःखाची पूजा' या मुद्द्याला थेट लागते.

कुटुंबं मॉर्फिन नाकारतात. नशा लागेल, लवकर जातील, ही कारणं सगळे देतात. काही कॅथलिक घरं त्यात एक भर घालतात: वेदना अर्पण करायची आहे, गोळी नको. त्यांना मी सांगते, २४ फेब्रुवारी १९५७ला बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांसमोर बोलताना साफ सांगितलंय की दुसरा उपाय नसेल तर वेदना थांबवायला औषध द्या, त्याने आयुष्य थोडं कमी होण्याचा संभव असला तरी. दुःख हे दुःख म्हणून हवंसं वाटून घेण्याचं बंधन ख्रिस्ती माणसावर नाही. पुढे धर्मशिक्षणग्रंथातही तेच आलं. पोपचं नाव घेतलं की गोळी घशाखाली उतरते, हा माझा अनुभव. आणि तोंडाने दिलेलं, मोजून वाढवलेलं मॉर्फिन माणसाला सहसा लवकर नेत नाही. उलट तो उठून बसतो, दोन घास खातो, मुलीशी बोलतो.

भारतात खरी अडचण धर्माने केली नाही, कायद्याने केली. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांची एवढी कटकट झाली की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४मध्ये दुरुस्ती होऊन ते सुटसुटीत झालं. तरी अजून कित्येक जिल्ह्यांत गोळीसाठी माणसाला एसटीने दुसऱ्या गावी जावं लागतं. आणि हेही नोंदवा की देशातली पहिली हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी जागा, १९८६मध्ये वांद्र्याला निघाली, शांती आवेदना, कॅथलिक डॉक्टर आणि सिस्टर्सनी चालवलेली. पूजा वगैरे करणाऱ्यांनी कळ थांबवायची जागा आधी काढली.

कॉफीबाज

डॉक्टर, ही माहिती माझ्यासाठी नवी. 'लस शोधतात' यात मॉर्फिनची भर घालतो. देव अजून पिंजऱ्यातच.

निर्मळकाठ

राहू दे पिंजऱ्यात. लोदकरांचा बाक तुम्हाला मिळाला, म्हणजे चांगल्या संगतीत आहात.

भीमाकाठचा, 'स्वतःपुरतं बोलावं' हा नियम मला 'अर्पण कर'लाही लावायचाय. स्वतःला म्हणावं, दुसऱ्याला सांगू नये. आंबटवरण, ज्याचं त्याने झाडायचं हे वाचून हलकंही वाटलं आणि एकटंही.

नवयान, तुमचा प्रश्न टाळत नाही. हात चुंबण्याचं ते वाक्य माझ्याही गळी उतरत नाही. त्याच्या बाजूने एवढंच की ते सुटल्यावरचं आहे, आणि बोलणारी स्वतः ती आहे. दुसऱ्याने तिच्याकडून ते वदवून घेतलं तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. मला व्यासपीठावरून ते वाक्य ऐकवणाऱ्यांचा राग आहे, कारण ते तिच्या गोष्टीचा मधला भाग गाळतात. व्हेनिसमध्ये ती कनोसियन सिस्टर्सकडे राहत होती. मालकीण तिला सुदानला परत न्यायला आली तेव्हा बखिता 'येणार नाही' म्हणाली. मालकीण हट्टाला पेटली, प्रकरण कोर्टात गेलं. २९ नोव्हेंबर १८८९ला निकाल लागला की इटलीच्या कायद्यात गुलामगिरीला जागाच नाही, सबब ही बाई कधीच गुलाम नव्हती. बाप्तिस्मा त्यानंतर, जानेवारी १८९०मध्ये.

नवयान

हे माहीत नव्हतं. म्हणजे आधी नकार, मग कोर्ट, मग बाप्तिस्मा. या क्रमाने सांगितलीत तर बखिता मला चालेल.

निर्मळकाठ

आमच्या पॅरिशमध्ये ८ फेब्रुवारीला तिचा सण असतो. यंदा वाचन माझ्याकडे आहे. याच क्रमाने सांगणार आहे, फादर काय म्हणतात ते इथे कळवते.